उलट्या बाजूचं शीड

तांडेलाने आधी मेहुणा पसंत केला आणि मग बायको, असं धक्क्यावरचे लोक म्हणत, आणि त्यात खोटं काही नव्हतं. बाप वारल्यावर होडी त्याच्या अंगावर पडली, सुकाणू हातात आलं आणि लोक त्याला तांडेल म्हणू लागले, पण नाळेवर, म्हणजे होडीच्या पुढच्या टोकाला, उभा राहणारा माणूस त्याच्याकडे नव्हता. पलीकडच्या काठावर त्याला एक हडकुळा, लांब हातांचा तरुण दिसला. तो कुणाशी तरी मोठमोठ्याने हसत गप्पा मारत होता आणि हातातल्या दोराकडे बघतही नव्हता, तरी दोर हवा तिथे ताणला जात होता, हवा तिथे सैल पडत होता. तांडेल त्याच संध्याकाळी त्याच्या घरी बोलणी करायला गेला. दार त्याच्या बहिणीने उघडलं. पुढचं सगळं ओघाने झालं.

बायको चिडली की म्हणायची, "तुम्हाला होडीला माणूस हवा होता. मी आपली फुकटात पदरी पडले."

"चांगला माल घ्यायचा तर सोबत थोडं इकडचं तिकडचं घ्यावंच लागतं," तांडेल म्हणायचा, आणि हातातलं भांडं तिने फेकायच्या आत बाहेर सटकायचा.

होडी कौलं वाहायची. अलीकडच्या काठावर भट्टी होती आणि पलीकडे घरं बांधणारं गाव होतं. इंजिनाच्या होड्या आल्या तेव्हा इतरांचा धंदा बसला, याचा बसला नाही, कारण इंजिनाच्या थरथरीने ताज्या कौलांना बारीक चिरा जातात आणि त्या पहिल्या पावसात घरमालकाच्या डोक्यावर उघड होतात. कौलवाला म्हणायचा, माझा माल झोपून गेला पाहिजे. शिडाच्या होडीत तो झोपून जात असे.

शीड तिकोनी होतं. पुढे झुकलेल्या आखूड डोलकाठीला एक लांबच लांब तिरकी काठी टांगलेली, तिला परबाण म्हणत, आणि शीड त्या परबाणाला बांधलेलं. असं शीड वारा छान पकडतं, पण एक गोष्ट मागतं. परबाण आणि शीड नेहमी डोलकाठीच्या वाऱ्याआडच्या, म्हणजे वारा येतो त्याच्या विरुद्ध, बाजूला हवं. होडीने दिशा बदलली आणि वारा दुसऱ्या अंगाने यायला लागला, की ते सगळं लचांड उचलून डोलकाठीला वळसा घालून पलीकडे न्यावं लागतं. हे एकट्याचं काम नाही. मागचा सुकाणू वळवून शिडाचा दोर सोडतो, पुढचा परबाणाचं खालचं टोक ओढून डोलकाठीशी आणतो, काठी सरळ उभी करतो आणि पलीकडे फिरवतो. तेवढ्या वेळात होडीला ना वाऱ्याचा आधार ना कशाचा, आणि पुढच्या माणसाच्या डोक्यावर एका झाडाइतकं लाकूड लोंबकळत असतं. मागच्याने चुकीच्या क्षणी दोर ओढला तर पुढचा पाण्यात जातो, किंवा त्याहून वाईट, पाण्यात जातच नाही.

म्हणून चार शब्द ठरलेले होते. मागचा ओरडायचा, "वळतोय!" पुढचा म्हणायचा, "सोडा!" मागचा, "सोडलं!" आणि काठी पलीकडे पोचली की पुढचा, "आली!" या चार शब्दांच्या मध्ये दोघं आपला जीव एकमेकांच्या हातात देत, आणि दिवसातून कितीतरी वेळा देत, म्हणून त्याचं कुणाला काही वाटत नसे.

आता भांडणाचं सांगायला हवं. तांडेलाची मुलगी तेव्हा रांगत होती. आता तिची मुलं धक्क्यावरून उड्या मारतात. खाडीच्या मधोमध पाण्याखाली वाळूचा एक दांडा आहे, त्याच्या अलीकडे वळावंच लागतं. त्या दिवशी होडी वळता वळता त्या दांड्यावर चढली, बाजूला कलंडली, आणि भट्टीतून निघालेली निम्मी कौलं खाडीच्या तळाला घर शाकारायला गेली.

"तू उशीर केलास!" तांडेल ओरडला.

"तुम्ही घाई केलीत!" मेहुणा ओरडला.

भरती येऊन होडी सुटेपर्यंत दोघं वाळूवर बसून होते आणि तेवढा सगळा वेळ त्यांनी ही दोन वाक्यं आलटून पालटून वापरली. शेवटी तांडेल म्हणाला, "मान्य कर, नाहीतर माझ्याशी बोलू नकोस." मेहुणा म्हणाला, "बरं." आणि तो बोलला नाही. तांडेलाला वाटलं, दोन दिवसांत येईल ताळ्यावर. मेहुण्यालाही नेमकं तेच वाटलं. सुंभ जळला तरी पीळ जळत नाही म्हणतात. इथे तर सुंभही जळला नव्हता.

होडी मात्र थांबली नाही. दुसऱ्या दिवशी दोघं आपापल्या जागी उभे होते, एक मागे, एक पुढे. होडीवरचे चार शब्द हे बोलणं नव्हे, ते काम, असं दोघांनी न बोलता ठरवून टाकलं. बाकी सगळं बंद.

मेहुण्याची बायको तरुणपणीच गेली होती आणि तो राहायला दोन घरं सोडून असला तरी दोन्ही वेळा जेवायला बहिणीकडे. म्हणजे हे दोघं एकाच टेबलाला समोरासमोर बसत आणि मध्ये ती.

"त्याला सांग, उद्या उजाडायच्या आत निघायचंय," तांडेल म्हणायचा.

"अरे, उद्या उजाडायच्या आत निघायचंय," ती म्हणायची.

"ताई, त्यांना सांग, पुढचा दोर झिजलाय, नवा लागेल."

"अहो, दोर झिजलाय म्हणतो."

सुरुवातीला ती रडली, मग भांडली, मग एकदा दोघांना जेवायलाच वाढलं नाही. त्याने काही झालं नाही, दोघं उपाशी बसले, तेही एकमेकांशी न बोलता. मग तिने ते अंगवळणी पाडून घेतलं. मुलीच्या बाळंतपणाला ती गेली तेव्हा दोघांची पंचाईत झाली. तेव्हा तांडेल डोलकाठीला सांगायचा, "आज वारा पडणार, शिदोरी जास्त घ्यायला हवी," आणि मेहुणा पाण्याच्या पिंपाला म्हणायचा, "घेतली आहे." पिंपाशी बोलण्यात कुणाचा मान जात नव्हता.

अशी वर्षं गेली. माणसाचा ताठा मोठा काटक असतो, त्याला खायला प्यायला काही लागत नाही.

मग मेहुण्याचा उजवा खांदा गेला. कुणाला कळू नये म्हणून तो डाव्या हाताने चहाचा कप उचलू लागला, सदऱ्यात हात घालताना पाठ फिरवू लागला. पण होडीवर खांदा लपत नाही. एके दिवशी भर वाऱ्यात "सोडा!" म्हणून त्याने काठी उभी केली, आणि ती अर्ध्यात थबकली. क्षणभर ते सगळं लाकूड त्याच्या मानेवर टेकलं. मग त्याने पोटाचा जोर लावून ती कशीबशी पलीकडे ढकलली आणि "आली!" म्हणाला, पण नेहमीपेक्षा फार हळू. मागे तांडेलाच्या हातात दोर होता. तो दोर त्याने सवयीप्रमाणे ताणला असता तर मेहुण्याचं काय झालं असतं, हे त्याला कळलं.

आता आली का पंचाईत. नवा माणूस घ्यायचा तर मेहुण्याला काढायचं. काढायचं तर सांगायचं. बायकोच्या तोंडून "हे म्हणतात, तू आता नको" असं तिच्याच भावाला सांगायला लावायचं? आणि होडीवरून उतरल्यावर त्या माणसाकडे राहणार काय, दोन घरं पलीकडची खोली आणि दोन वेळचं ताट. धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं.

तांडेलाने एक वाट काढली, आणि ती त्याच्यासारख्या माणसाला मरणाची लाजिरवाणी होती. तो वळताना शीड पलीकडे नेईनासा झाला. वारा बदलला तरी परबाण होतं त्याच बाजूला ठेवायचं. मग वारा शिडाला डोलकाठीवर दाबतो, शिडाच्या पोटात लाकूड रुततं, आणि कमरेला दोरी आवळलेल्या पोत्यासारखं ते मधोमध चिमटतं. होडी चालते, पण रडतखडत. आणि ते लांबून दिसतं. सगळ्या खाडीला दिसतं. उलट्या बाजूचं शीड घेऊन येणारा माणूस एकतर शिकाऊ असतो, नाहीतर आळशी, नाहीतर प्यायलेला.

"काय तांडेल, झोप झाली नाही वाटतं?" धक्क्यावरचा हमाल ओरडला.

"अरे, त्यांचं शीड बाळंत व्हायचंय, हलवायचं नाही म्हणून सांगितलंय!" दुसरा म्हणाला.

तांडेल हसला आणि दोर बांधू लागला. याच धक्क्यावर त्याने दुसऱ्यांच्या शिडांना नावं ठेवली होती आणि लोकांनी ती जपून ठेवली होती. आता एकेक परत येत होती. कौलवाला चिडचिडला, म्हणाला पूर्वी जेवणाच्या वेळेला माल पोचायचा, हल्ली दुपारच्या चहाला पोचतो. तांडेल म्हणाला, पाण्याला ओढ जास्त आहे. लोकांना काहीही सांगता येतं.

नाळेवर मेहुणा बसून होता. करायला काही नव्हतं. तांडेल "वळतोय" म्हणत नव्हता, त्यामुळे त्याला "सोडा" म्हणायचं नव्हतं. सकाळी निघायचं, पलीकडे पोचायचं, रिकामं परत यायचं, आणि दिवसभरात एक शब्द नाही. चार शब्द होते तेवढेही गेले. हे तांडेलाच्या लक्षात आलं ते पाच-सहा खेपा झाल्यावर. त्याने खांद्याचा विचार केला होता, शब्दांचा केला नव्हता. होडी त्याला एकदम फार लांब वाटू लागली.

घरी हे सगळं बायकोला सांगितलं ते शिडाने. शिडाला ठिगळ लावायचं काम तिचं. एका सुट्टीच्या दिवशी तिने ते अंगणात पसरलं, सुई आणि मेणाचा दोरा घेतला, आणि कापडावरून हात फिरवता फिरवता थांबली. शिडाच्या मधोमध वरपासून खालपर्यंत एक पट्टा विरला होता. कापड तिथे इतकं पातळ झालं होतं की तिला आपली बोटं पलीकडून दिसली. इतक्या वर्षांत शीड कडेला फाटलं होतं, टोकाला फाटलं होतं, तिथे कधी विरलं नव्हतं. तिथे फक्त डोलकाठी घासू शकते.

रात्रीचं जेवण व्हायच्या आधी, भाऊ यायच्या आधी, तिने विचारलं, "तुम्ही शीड उलटं ठेवून हाकताय?"

तांडेल तांब्यात पाणी भरू लागला.

"तुम्ही? जन्मभर लोकांना हसलात त्यावरून."

"त्याचा खांदा गेलाय," तांडेल म्हणाला. "त्याला सांगू नकोस."

तिने सुई ओवली. पदराने डोळे पुसले आणि विरलेल्या पट्ट्यावर वरपासून खालपर्यंत दुहेरी कापड शिवून टाकलं. नवरा किती हट्टी आहे हे तिला माहीत होतं. किती चांगला आहे हे मधून मधून विसरायला होत असे.

पण मेहुणाही आंधळा नव्हता. त्याने आपल्या परीने हिशेब मांडला आणि तो साफ चुकला. तांडेलाला आपली दया आली, असं त्याच्या मनात आलं नाही. त्याला वाटलं, हा मला दाखवतोय, की तू उशीरच करतोस, म्हणून तुला आता शीड फिरवायलाच लावत नाही. इतक्या वर्षांनी हा त्या दिवसाचा सूड. त्या संध्याकाळी तो जेवायला बसला, ताट पुढे ओढलं, आणि ताटाकडे बघत म्हणाला,

"ताई, त्यांना सांग, उद्यापासून दुसरा माणूस बघा. कौलांच्या गठ्ठ्यासारखं नाळेवर बसायला मी येणार नाही."

तांडेलाचा घास हातातच राहिला. त्याने बायकोकडे पाहिलं.

"त्याला सांग..." त्याने सुरुवात केली.

"नाही सांगत," ती म्हणाली. "दोघांचंही नाही. माझी जीभ मला परत द्या. मुलगी रांगत होती तेव्हापासून वापरताय." तिने चमचा भांड्यात टाकला आणि आतल्या खोलीत गेली.

मग त्या खोलीत दोन म्हातारे उरले आणि मध्ये भाजीचं भांडं. तांडेलाला खूप काही सांगायचं होतं. खांदा, मान, हातातला दोर, धक्क्यावरची थट्टा. ओठ हललेही असावेत. पण इतकी वर्षं बंद असलेलं दार एकदम उघडत नाही, आधी बिजागऱ्या सापडायला हव्यात. मेहुण्याने निम्मं जेवण टाकलं, ताट धुऊन ठेवलं आणि गेला.

सकाळी होडी भरून उभी होती. मेहुणा आला तो फक्त आपली चीजवस्तू न्यायला. नाळेखालच्या कप्प्यात त्याचा दोर कापायचा चाकू, एक जुनी टोपी आणि बसायची गोणपाटाची गादी होती. तो धक्क्यावरून होडीत उतरला आणि जागच्या जागी उभा राहिला.

त्याच्या गादीवर तांडेल बसला होता.

मागे सुकाणू मोकळं होतं. तांडेलाच्या बापाच्या वेळेपासून त्या जागी या घराबाहेरचा माणूस बसला नव्हता. तांडेल मेहुण्याकडे बघत नव्हता. तो परबाणाच्या खालच्या टोकाची गाठ तपासत होता, जणू आयुष्यभर हेच काम करत आलाय. मग तो उठला, पुढचा दोर धक्क्यावरून काढला आणि आत टाकला. ओहोटीने नाळ हळूहळू बाहेर ओढली.

"अरे, तुमची जागा चुकली!" धक्क्यावरून हमाल ओरडला. 

भरलेली होडी सुकाणूवर माणूस नसताना सोडली की तिच्याकडे बघत उभं राहता येत नाही. मेहुणा शिव्या पुटपुटत मागे गेला आणि सुकाणूचा दांडा डाव्या काखेत धरला. त्या कामाला उजवा खांदा लागत नव्हता. बसल्यावर थोड्या वेळाने त्याच्या ते लक्षात आलं. तो पुढे तांडेलाच्या पाठीकडे बघत राहिला, आणि उलट्या बाजूच्या शिडाच्या त्या खेपा त्याला पुन्हा एकदा, या वेळी सरळ, आठवू लागल्या.

वाळूचा दांडा जवळ आला. मागून पाण्याचा रंग बदललेला फार लवकर दिसतो. पिवळट पाणी सरकत जवळ येतं आणि वाटतं, आता, आत्ताच. मेहुण्याने आयुष्यभर या जागी पुढून पाहिलं होतं, आणि वळताना पुढच्या माणसाची नजर फक्त शिडावर असते. 

"वळतोय!" तो ओरडला आणि त्याने सुकाणू लोटलं.

पुढे तांडेलाने गाठ सोडायला घेतली होती, सोडली नव्हती. तीही भिजून आवळलेली. वारा अजून शिडात होता, आणि वारा असेपर्यंत ती काठी कुणाच्या बापाला हलत नाही, हे त्याच्या हातांना आज पहिल्यांदा कळलं. मागे बसून ते दिसत नाही. मागून फक्त एक माणूस वेळ काढताना दिसतो.

"सोड!" त्याच्या तोंडून निघालं तेव्हा होडीच्या बुडाखाली वाळू खरखरली.

"सोडलं!"

तांडेलाने अंगातला सगळा जोर काढला. काठी उभी राहिली, डुलली, शीड त्याच्या डोक्यावरून फडफडत गेलं आणि एका झटक्यात पलीकडे भरलं. होडीने वाळूवरून पोट ओढून घेतलं आणि खोल पाण्यात उतरली. कौलं खणखणली, फुटलं एकही नाही.

"आली!" तांडेल ओरडला, आणि दम घ्यायच्या आधीच मागे वळून म्हणाला, "घाई केलीस!"

"तुम्ही उशीर केलात!" मेहुणा ओरडला.

शब्द खाडीवर वाजले होते, परत तोंडात घेता येत नव्हते. तांडेल परबाणाला धरून उभा होता. त्याला आपली सगळी वर्षं मागच्या जागेवर बसलेली दिसली आणि मेहुण्याला आपली पुढे उभी असलेली. तांडेलाला आधी हसू आलं. मेहुण्याच्या तोंडून आधी एक शिवी आली, मग हसू, आणि मग त्याने बाहीने तोंड पुसलं, तोंडावर पाणी उडालं नव्हतं तरी. पलीकडच्या काठापर्यंत शीड योग्य बाजूला होतं. त्या दिवशी माल जेवणाच्या वेळेला पोचला.

संध्याकाळी तिघं टेबलाला बसले. तिने वाढलं आणि कुणाचंही काही सांगायचं नाही असं मनाशी पक्कं करून बसली. मेहुण्याने पहिला घास घेतला आणि मान वर केली.

"दाजी, मीठ द्या."

तिने ते ऐकलं, पण जिभेला लागलेली सवय जिभेलाच ठाऊक. ती नवऱ्याकडे वळून म्हणाली, "अहो, मीठ द्या म्हणतो."

"ऐकलं मी," तांडेल म्हणाला, आणि मिठाचं भांडं मेहुण्याच्या डाव्या हाताशी सरकवलं.